नखाएवढ्या कोरलची बडदास्त

घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल, म्हणजे प्रवाळ, वाढवणाऱ्या आम्हा रीफवाल्यांच्या छंदात कोरल कापणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, पण बघणाऱ्याला नेमकं तेच भयंकर वाटतं. अ‍ॅक्रोपोरा नावाचं फांद्यांचं कोरल असेल तर बोन कटर घ्यायचा, एक फांदी पकडायची, कट्, संपलं. तुटलेल्या टोकावर थोड्या दिवसांत परत कातडी चढते, मूळ कोरल आपलं वाढत राहतं, आणि हातात जो नखाएवढा तुकडा उरतो त्याला फ्रॅग म्हणायचं. घरचे त्याला झाडाची फांदी म्हणतात. तो प्राणी आहे हे मी त्यांना सांगू शकतो, पण हातात कटर असताना तो विषय काढणं बरं नाही दिसत.

खरा वैताग ग्लूपासून सुरू होतो. फ्रॅग छोट्या सिरॅमिक प्लगवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, चिकटवायचा, त्यासाठी सुपरग्लूचं जेल, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. हे ओलाव्याने घट्ट होतं म्हणून तर पाण्यातल्या प्राण्याला चालतं, पण ओलावा काय फक्त कोरललाच असतो का, तो ग्लोव्हजला असतो, चिमट्याला असतो, ट्यूबच्या तोंडाला असतो, त्यामुळे पहिल्या फटक्यात फ्रॅग प्लग सोडून बाकी सगळ्याला चिकटतो. त्यात मश्रूम कोरल असेल तर विसराच. त्याला सांगाडा नाही, वर नुसती बुळबुळ, ग्लू धरतच नाही. मग डबीत बारीक दगड घालायचे, त्यावर हे महाशय ठेवायचे, वरून जाळी लावायची आणि त्यांची मर्जी होऊन ते आपणहून एखाद्या दगडाला धरेपर्यंत वाट बघायची. मर्जी फिरली की सोडून पण जातात.

कोरलचे भाऊबंद झोअँथिड कापायचे असले की मात्र मी मस्करी बंद करतो. यातल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. १९७१ मध्ये हवाईच्या संशोधकांनी ते वेगळं काढलं, आणि प्रथिनं सोडून बाकी विषांचा विचार केला तर ते जगातल्या सगळ्यात जहाल विषांत मोजतात. कापताना डोळ्यात पिचकारी उडू शकते, म्हणून गॉगल आणि ग्लोव्हज दोन्ही, आणि ज्यांवर हे वाढलेत ते दगड उकळून साफ करायचे नाहीत म्हणजे नाहीत, ती वाफ श्वासात जाऊन आख्खी कुटुंबं हॉस्पिटलमध्ये पोचलेली आहेत. हे सगळं मी गॉगल लावलेल्या अवस्थेत आईला नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे घरात का आहे?"

यावर कुठल्याच रीफवाल्याकडे उत्तर नाही, त्यामुळे पुढे जाऊ.

घरच्याच कोरलचा फ्रॅग घरच्याच टाकीत ठेवायचा तर प्रश्न नाही. पण या छंदात देवाणघेवाण चालते, माझी फांदी मित्राकडे, त्याची माझ्याकडे, आणि बाहेरून आलेला फ्रॅग एकटा कधीच येत नाही. पाहुणा एवढीशी पिशवी घेऊन आला म्हणून आपण खूश व्हावं आणि पिशवी उघडल्यावर आतून सगळं खानदान बाहेर पडावं, असा प्रकार.

म्हणून आधी डिप. भांड्यात टाकीचंच पाणी घ्यायचं, त्यात आयोडीनचं नाहीतर तयार मिळणारं औषध घालायचं, फ्रॅग बुडवायचा आणि पिपेटने त्याच्यावर फवारे मारत बसायचं. मग तळाशी काय काय पडलंय ते बघायचं. ब्रिसल वर्म नावाचे केसाळ किडे वळवळत असतात, त्यांचं मला एवढं काही वाटत नाही. माझा वैयक्तिक राग आहे तो अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या किड्यावर. हा समोर असून दिसत नाही, कारण ज्या कोरलवर बसतो तेच खातो आणि जवळपास त्याच रंगाचा दिसतो, आपल्याला दिसतात त्या फक्त त्याने चावून ठेवलेल्या गोल फिकट खुणा. डिपमध्ये तो गळून पडतो, पण त्याच्या अंड्यांना ढिम्म काही होत नाही. ती तो फांदीच्या बुडाशी, कातडी नसलेल्या उघड्या सांगाड्यावर घालून ठेवतो, आणि आपण भिंग घेऊन शोधायची, खरवडायची, जुना प्लग फेकून द्यायचा, नवा लावायचा (म्हणजे परत ग्लू!), शिवाय दर आठवड्याला परत डिप, कारण अंड्यातून निघालेली पिल्लं मोठी होऊन स्वतः अंडी घालायच्या आत पकडली पाहिजेत. एकदा डिप केलं की क्वारंटाईनची गरज नाही असं ठामपणे सांगणारे लोक भेटतात. मी त्यांच्याकडून फ्रॅग घेत नाही.

आणि एप्टेशिया! हे छोटंसं अ‍ॅनिमोन चिमट्याने ओढून काढलं की मागे राहिलेल्या कणातून नवीन उगवतं, म्हणजे साफसफाई आपणच करायची आणि त्याची संख्याही आपणच वाढवायची.

आता क्वारंटाईन किती दिवस, त्या आकड्याकडे येऊ. समुद्री माशांना व्हाइट स्पॉट, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग, होतो तो क्रिप्टोकॅरियॉन नावाच्या परजीवीमुळे. कोरलला त्याचं काही होत नाही, पण त्याच्या गाठी प्लगला, दगडाला, गोगलगाईच्या शंखाला, कशालाही चिकटून येऊ शकतात. मासाच मिळाला नाही की शेवटी तो मरतो, म्हणून या छंदात रूढ झालेला नियम असा की मासा नसलेल्या टाकीत ७६ दिवस. म्हणजे नखाएवढ्या तुकड्यासाठी अडीच महिने वेगळी टाकी, वेगळा लाइट, वेगळा हीटर, वेगळा पंप, वेगळा चिमटा, आणि या टाकीत घातलेला हात धुऊन पुसून कोरडा केल्याशिवाय त्या टाकीत घालायचा नाही.

घरी येणारा प्रत्येक माणूस नेमका याच टाकीसमोर उभा राहतो.

"मासे कुठे गेले?"

"मासे नाहीत यात."

"मग काय आहे?"

"ते बघा ना, डावीकडे."

"हां हां, तो दगड."

बरं, मासे नसले तरी खाणं मात्र टाकावं लागतं, कारण पाणी फारच स्वच्छ झालं आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेलं की कोरल फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकट थर सगळीकडे पसरतो. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात ना, ती मला आता पाठ झालीये. त्यात छोटी टाकी, सगळंच पटकन बिघडतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, मग खारेपणा हजारात ३५ वर टिकवायला रोज साधं आरओचं पाणी घाला. लाइट एकदम जोरात दिला तर कोरल आतलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं, कमी दिला तर तेच शैवाल वाढून कोरल तपकिरी होतं. जांभळा म्हणून हौसेने घेतलेला तुकडा होता माझा. मी सेवा केली ती एका तपकिरी काडीची.

सगळ्यात दुष्ट नियम वेगळाच आहे. मध्येच दुसरा फ्रॅग त्याच टाकीत ठेवला की मोजणी परत शून्यावर. बायको कॅलेंडरवर फुल्या मारत होती, ती टाकी कधी एकदा तिथून हलतीये म्हणून, आणि फुल्या बऱ्यापैकी पुढे गेल्या असताना मित्र दारात पिशवी घेऊन हजर, "अरे काय कलर आहे बघ, घे तू." अशा वेळी नाही म्हणणारा रीफवाला मी तरी पाहिलेला नाही. बायकोने काही वाद घातला नाही, नुसतं पेन त्याच्या हातात दिलं. "भावजी, तुम्हीच खोडा."

एकदाची मुदत भरली. मोठ्या टाकीत जागा हेरली, झोत तपासला, शेजारच्या युफिलिया कोरलचे डंख मारणारे लांब तंतू रात्री पोचणार नाहीत एवढं अंतर सोडलं आणि प्लग कपारीत छान बसवला. रात्री टर्बो गोगलगाय शेवाळ खात खात आली, रस्त्यात फ्रॅग होता, तो ढकलला आणि पुढे गेली. फ्रॅग दगडांच्या मागे, माझा हात जिथे पोचत नाही बरोब्बर तिथे.

सकाळी मी काचेला गाल लावून मागे डोकावत होतो.

"हिला ठेवलं होतंस का वेगळं?" बायकोने विचारलं.

"ठेवलं होतं ना. याच फ्रॅगच्या शेजारी, पूर्ण मुदत."

"तेव्हा नाही पाडला?"

"तिथे प्लग रॅकच्या भोकात घट्ट बसतो, हलत नाही."

तिने गोगलगाईकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे. "टाक हिला परत तिकडे. मी मारते फुल्या."