गल्ल्यावरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर : कार्ड गिऱ्हाइकाच्या हातातच राहू द्या

नमस्कार दादा,

हॉटेल-लॉजमध्ये होणाऱ्या कार्डाच्या चोरीवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चिप आणि पिन आल्यापासून स्किमिंग (म्हणजे कार्डाच्या पट्टीवरचा मजकूर चोरून उतरवून घेणं) संपलं, गिऱ्हाईक आता क्यूआर कोडवर पैसे देतं, आणि ‘नोकरांवर नजर ठेवा’ असं लिहून मी मालकांना आपल्याच पोरांवर संशय घ्यायला शिकवलं. शेवटी तुम्ही लिहिलंय, “पोरं बारा-बारा तास राबतात. त्यांना चोर ठरवण्याआधी एक दिवस आमच्या गल्ल्यावर बसून बघा.”

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो तुमचा बरोबर आहे. ‘नोकरांवर नजर ठेवा’ हे वाक्य मी लिहायला नको होतं, आज लेखातून काढलंय. आणि ते चूक आहे हे मला तुमच्या आधी कळायला हवं होतं, कारण तसं घडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात मी नऊ वर्षं कार्डाची मशीन बसवायचं आणि दुरुस्तीचं काम केलं. चिप सक्तीची होण्याआधीची गोष्ट. हायवेवरच्या एका हॉटेलात जेवून गेलेल्या काही जणांच्या खात्यांतून पैसे गेले. बँकेने त्या सगळ्या कार्डांचे जुने व्यवहार ताडून पाहिले, तर सगळीकडे हे एकच हॉटेल निघालं. मालकाने त्याच संध्याकाळी दोन वेटरना काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो, मशीन उलटं केलं, तर मागचा नंबर आमच्या नोंदीतल्या नंबराशी जुळेना. काही आठवड्यांपूर्वी भर दुपारी कुणीतरी आला होता, ‘जुनं जमा करा, नवीन देतो’ म्हणाला आणि कार्डांची माहिती चोरणारं मशीन ठेवून गेला. मॅनेजरने त्याला चहासुद्धा पाजला होता. त्या दोन पोरांनी फक्त बिलाचा ट्रे ने-आण केला होता. पण तोवर एक जण गावी निघून गेला होता. मशीनचा नंबर वहीत लिहून ठेवा आणि रोज ताडून बघा, हे मी त्या मालकाला एकदाही सांगितलं नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं.

म्हणूनच तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मात्र मला भांडायचंय.

कार्डामागच्या काळ्या पट्टीवरचा मजकूर कायम तोच असतो. एकदा उतरवून घेतला की नक्कल आणि अस्सल यांत मशीनला फरक कळत नाही. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार करते, तो पुन्हा चालत नाही. त्यामुळे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2013 पासून दुकानात डेबिट कार्डाला पिन सक्तीचा केला आणि नुसत्या पट्टीची कार्डं 2018 अखेर बदलायला लावली, तेव्हा नकली कार्ड आपल्याकडे वापरणं खरंच अवघड झालं. इथवर तुमचं बरोबर. पण पट्टी अजून कार्डाच्या पाठीवर आहेच, आणि ती चालणारी ठिकाणं परदेशात आहेत. ऑगस्ट 2018 मधलं पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवा. ते स्किमिंग नव्हतं, बँकेच्या यंत्रणेतच घुसखोरी झाली होती. पण चोरीला गेलेल्या 94 कोटी रुपयांतला मोठा वाटा बाहेर निघाला तो नकली कार्डांनीच, 28 देशांतल्या एटीएममधून, आणि थोडा आपल्या कोल्हापुरातूनही.

शिवाय आता पट्टी वाचायची तरी गरज कुठे उरलीय? ऑनलाइन खरेदीला लागणारा मागचा तीन आकडी सीव्हीव्ही पट्टीवर नसतो. तो कार्डावर छापलेला असतो. म्हणजे जुन्या स्किमरला जे मिळत नव्हतं, ते मोबाइलने काढलेल्या दोन फोटोंत मिळतं. आपल्याकडच्या वेबसाइटवर ओटीपी आडवा येतो, परदेशातल्या अनेक वेबसाइटवर येत नाही. मार्च 2020 पासून नवी कार्डं परदेशी आणि ऑनलाइन वापरासाठी बंद करूनच दिली जातात, हा मोठा आधार आहे. पण ज्याने ते वापर चालू करून घेतलेत, त्याचं कार्ड उघडंच. आणि 5,000 रुपयांपर्यंत तर नुसतं कार्ड टेकवलं तरी भागतं, पिन लागत नाही. कार्ड पाच मिनिटं नजरेआड गेलं, तर एवढं सगळं होऊ शकतं.

आता पिनचं बोलू. माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय ही आहे. फॅमिली रूममध्ये आठ जण जेवायला बसलेत, वेटर कार्ड घेतो आणि विचारतो, “साहेब, पिन?” साहेब चार आकडे मोठ्याने सांगतात. शेजारचं टेबल ऐकतं. पोराच्या मनात काहीच नसतं, मशीन गल्ल्याजवळ आहे, साहेबांना उठवायचं कसं, एवढाच त्याचा विचार. पण रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक सांगतं की ग्राहकाची चूक नसेल आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याला काहीच भुर्दंड नाही. पिन त्याने स्वतः कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. म्हणजे आपला वेटर अदबीने जो प्रश्न विचारतो, त्याने गिऱ्हाइकाचं हे संरक्षण जातं. आणि उद्या काही झालं, तर त्या आठ जणांना एकच चेहरा आठवणार.

गल्ल्यावरचा कॅमेराही एकदा बघा. मी बसवलेल्या मशीनांपैकी कितीतरी मशीन थेट कॅमेऱ्याखाली होती. चोराने छुपा कॅमेरा लावायची गरजच नाही, मालकानेच पैसे खर्चून लावलाय, आणि डीव्हीआरचा (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा) पासवर्ड कारखान्यातून आला तोच. कॅमेरा गल्ल्यावर आणि माणसांवर राहू द्या, मशीनच्या बटणांवरून हलवा.

क्यूआरबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, रोजचं गिऱ्हाईक त्यावरच पैसे देतं. पण साखरपुड्याचं मोठं बिल, कंपनीची माणसं, अंबाबाईच्या दर्शनाला आलेली परदेशातली कुटुंबं अजून कार्डच काढतात. अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डाला तर बहुधा पिन लागतच नाही, सहीवर भागतं. तुमचं लॉज असेल तर अजून एक : बुकिंगसाठी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवणं आणि रजिस्टरात नंबर उतरवणं आजच थांबवा. ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर साठवायची परवानगी नाही, आणि व्यवहार झाल्यावर सीव्हीव्ही ठेवायला तर आधीही नव्हती. अॅडव्हान्ससाठी पेमेंट लिंक पाठवा. जुनी रजिस्टरं रद्दीत घालू नका, तुमच्यासमोर फाडून जाळा.

वेबसाइटवरून विकणाऱ्यांसाठी थोडंच लिहितो. 2018 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर कोडच्या अवघ्या 22 ओळी घुसल्या आणि दोन आठवडे कार्डांचे तपशील बाहेर जात राहिले. 2020 मध्ये 2 कोटी पौंड दंड झाला. तुमची साइट ज्याने बनवली त्याला विचारा, पैसे भरायच्या पानावर कुणाकुणाचा कोड चालतो. यादी देता आली नाही, तर ते पान गेटवे कंपनीकडेच (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीकडे) सोपवा.

तुम्ही शेवटी विचारलंय, मग करायचं काय. शटर उघडल्यावर मशीन उलटं करा, नंबर वहीतल्या नंबराशी जुळवा, कार्ड घालायच्या फटीला नखाने हलवून बघा, सील आणि स्क्रू बघा. पहिल्या दिवशी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, म्हणजे ताडायला काहीतरी असेल. न बोलावता कुणी ‘सर्व्हिस’साठी आला, तर बँकेच्या कागदावरच्या नंबरावर फोन करून खात्री करा, त्याने दिलेल्या नंबरावर नाही. संशय आला तर ते मशीन वापरणं थांबवा, उघडू नका, बँकेला कळवा, आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत काढून घ्या. कुणाच्या खात्यातून पैसे गेल्याचं कळलं, तर त्याला लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा.

पोरांना एकच नियम द्या आणि तो गल्ल्यामागे लिहून लावा : कार्ड हातात घ्यायचं नाही. मशीन टेबलावर न्यायचं, कार्ड गिऱ्हाइकाने घालायचं, पिन त्याने दाबायचा, आपण मान वळवायची. त्या हायवेवरच्या हॉटेलात हा नियम असता, तर त्या दोन पोरांकडे कुणी बोट दाखवलं नसतं.

आतल्या खोलीत रेंज येत नाही, ही तुमची अडचण मला माहीत आहे. तिथे मशीन नेऊच नका. “साहेब, बिलासाठी जरा गल्ल्यावर येता का?” असं म्हणायला पोरांना शिकवा. पहिले आठ-दहा दिवस काही जण कुरकुर करतील. तेव्हा तुम्ही स्वतः उठून त्यांच्याशी बोला, पोरांवर सोडू नका. आणि गल्ल्यावर बसायचं निमंत्रण मला मान्य आहे. रविवारी रात्री, गर्दीच्या वेळी येतो.