मामा आणि माझी वाफ

काल संध्याकाळी माझी गाडी शॅपच्या चढावर उभी राहिली. गाडी संगणकातली आणि चढही संगणकातलाच. अपमान तेवढा खरा होता, कारण मागच्या खुर्चीत बायकोचे मामा बसले होते.

उत्तर इंग्लंडमध्ये टीबे गाव सुटलं की हा चार मैलांचा सरळ चढ आहे, दर ७५ फुटांना एक फूट. खऱ्या जड गाड्यांना तिथे मागून ढकलायला दुसरं इंजिन देत. गेमवाल्यांनी मला मामा दिले.

इंजिन होतं ब्लॅक फाइव्ह, १९३४चं, बॉयलरचा दाब चौरस इंचाला २२५ पौंड. काटा तिथे ठेवायचा, एवढंच काम. पण कोळसा टाकला की आग आधी दबते, मग पेटते. पाणी सोडलं की दाब उतरतो. नाही सोडलं तर फायरबॉक्सचं, म्हणजे आगीच्या पेटीचं, छत पाण्याबाहेर उघडं पडून बॉयलर फुटतो, आणि त्यानंतर दाबाची काळजी करायला ड्रायव्हर उरत नाही. म्हणजे तहान लागण्याच्या बरंच आधी विहीर खणायची. म्हणून मी टीबेच्या अलीकडेच आग रसरशीत केली. दाब चढला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुस्सकन उडाला.

मामा निवृत्त लेखापरीक्षक आहेत. माणूस निवृत्त झालाय, परीक्षण नाही.

"जावईबापू, हे काय गेलं?"

"वाफ. जास्तीची आपोआप सुटते."

"म्हणजे वाया?"

"तसं म्हटलं तर..."

"कोळसा कुणाचा?"

"रेल्वे कंपनीचा. तेव्हा ती खाजगी होती. १९४८ साली राष्ट्रीयीकरण झालं."

मामांनी धुराकडे पाहिलं. "होणारच."

मग मी इंजेक्टर उघडला. नको होता उघडायला, निदान मामांसमोर. बॉयलरमधलीच वाफ घेऊन त्याच बॉयलरमध्ये, त्याच दाबाविरुद्ध पाणी घुसवायचं, असं ते यंत्र. मामा खुर्ची पुढे ओढून बसले.

"त्याच खात्यातून काढायचं आणि त्याच खात्यात भरायचं? हे आम्ही पहिल्या दिवशी पकडायचो."

मी समजावलं, की वाफ निमुळत्या तोटीतून भन्नाट वेगाने सुटते, गार पाण्यात तिचं पाणी होतं, आणि तो वेग पाण्याला आत ढकलतो. जिफार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८५८ साली याचं पेटंट घेतलंय. (हाच गृहस्थ १८५२ साली वाफेचं इंजिन टांगलेल्या फुग्यातून पॅरिसवरून उडाला होता. एकटाच. सुखी माणूस.)

"व्हाउचर आहे का?" मामांनी विचारलं.

एवढ्यात चढ लागला आणि आमच्या फायरमनला चेव आला. कोळसा-पाणी बघणारा हा फायरमन म्हणजे सेटिंगमधली एक खूण. सपाटीवर हातावर हात ठेवून बसतो, आणि ऐन चढावर, पाण्याची पातळी दाखवणारी काच अर्धी भरलेली असताना, दुसराही इंजेक्टर उघडून गार पाण्याचा अभिषेक सुरू करतो. दाब १८०, मग १५०, मग विचारू नका. वाफ पुरेना तसा ब्रेक सोडवून ठेवणारा व्हॅक्यूमही टिकेना, आणि उरलीसुरली गाडी ब्रेकनेच धरून ठेवली. पडद्यावर शेरा आला: "ड्रायव्हर: वाफेचे व्यवस्थापन असमाधानकारक." ड्रायव्हर! खऱ्या इंजिनावर दोन माणसं असत आणि एकाला दुसऱ्यावर ओरडायची सोय असे. इथे काम त्या खुणेने करायचं, शेरा मी खायचा, आणि तक्रार कुठे करायची ते कुठल्याच मेनूत नाही. पैसे मोजून बोलणी खायची असतील तर गेम कशाला लागतो?

मामांनी शेरा दोनदा वाचला. भाषा त्यांना आवडलेली दिसली.

"तो फायरमन काढून टाका," ते म्हणाले. "कोळसा मी बघतो."

आज त्यांनी खरंच बघितला. एक फावडं टाकतात, वहीत लिहितात, चष्मा पुसतात. व्हॉल्व्ह एकदाही उडाला नाही, याचं त्यांना कोण कौतुक!

"मामा, दाब १४०वर आलाय."

"गाडी चाललीय ना?"

"सपाटीवर चालेल. चढावर थांबेल."

त्यांनी वही मिटली. "मग चढाच्या अलीकडे एखादं बरं स्टेशन बघा आणि उतरवा लोकांना."