कळवा म्हणजे ठाणेच ना?

"कळवा नाही चालणार. ठाणे लिहून आण," असं म्हणत कोपरखैरण्यातल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या सरांनी माझा रेल्वे कन्सेशनचा, म्हणजे सवलतीच्या पासचा, अर्ज खिडकीतून परत सरकवला.

पहिलं वर्ष म्हणजे कँटीन, डेज आणि नवे मित्र अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी एकदा या खिडकीपुढे उभं राहावं. ती उघडते नेमकी लेक्चरांच्या वेळात. अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसू देणार नाही, ही नोटीसही तिच्याच काचेवर चिकटवलेली. लेक्चर बुडवल्याशिवाय ती वाचता येत नाही.

"सर, मी कळव्यालाच राहतो."

"आधारवर काय लिहिलंय? हे बघ. कळवा, ठाणे, ४००६०५. ठाणे."

"तो जिल्हा आहे, सर."

"जिल्हा असो, तालुका असो. ठाणे लिहिलंय की नाही?"

लिहिलं होतंच.

"बरं, कळवा ते कोपरखैरणे थेट गाडी आहे?"

"नाही. ठाण्याला बदलावी लागते."

"मग प्रवास ठाण्यापासूनच सुरू झाला की!"

"आणि कळवा ते ठाणे?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कळव्यावरून ऐरोली समोर दिसते. तू उलटा ठाण्याला जातोसच कशाला?"

हा प्रश्न मला नव्हे, रेल्वेला विचारायला हवा. कळव्याहून निघायचं, खाडी ओलांडून ठाण्याला उतरायचं, पुलावरच्या गर्दीतून ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या, ९, १० नंबर प्लॅटफॉर्मकडे पळायचं आणि पनवेल किंवा वाशी गाडीत घुसून तीच खाडी परत ओलांडायची. गाडी विटाव्यावरून, म्हणजे आमच्या कळव्याच्या अंगणातूनच जाते, पण थांबते थेट दिघा गावला. ते स्टेशनही बांधून झाल्यावर उद्घाटनाची वाट बघत महिनोन्‌महिने बंद होतं, अखेर जानेवारी २०२४ मध्ये उघडलं. कळव्याहून थेट ऐरोलीकडे, म्हणजे कोपरखैरण्याच्या वाटेला लागणारा उन्नत मार्ग एमयूटीपी-३ या मुंबई लोकलच्या विस्तार प्रकल्पात मंजूर आहे. मंजूर आहे, एवढंच. सकाळी कल्याणकडून येणाऱ्या गाडीत कळव्याला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आमच्याकडची माणसं गाड्या उभ्या असतात त्या कारशेडपर्यंत चालत जाऊन रिकाम्या गाडीत बसतात. हे सरांना सांगायला नको होतं, कारण मागे फायली लावत असलेल्या शिपाईमामांनी नेमकं ऐकलं.

"कारशेडवाला का तू? मग झोपूनच येत असशील!"

रांग हसली. मला काही हसू आलं नाही.

"सर," मी म्हटलं, "कोपरखैरणेसुद्धा ठाणे जिल्ह्यातच येतं. मग पास ठाणे ते ठाणे लिहू का?"

सरांनी यावर खरंच विचार केला. "तसा पास नसतो," ते म्हणाले, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

शेवटी दुसऱ्या टेबलवरच्या मॅडमनी 'कळवा ते कोपरखैरणे, व्हाया ठाणे' असं लिहून दिलं. त्यांना अर्धा मिनिट लागला.

बरं, एवढं करून मिळतं काय? विद्यार्थ्याला पास निम्म्या दरात. मासिकपेक्षा त्रैमासिक घ्यावा, कारण त्याचे पैसे महिन्याच्या २.७ पटच होतात आणि खिडकीचं दर्शन तीन महिन्यांतून एकदाच घडतं. आधार, आयडी आणि फी पावती यांच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवाव्यात. ऑफिसाच्या जवळचा झेरॉक्सवाला नेमका जेवायला गेलेला असतो. नाव आयडीवर आहे तस्संच लिहायचं. खाडाखोड झाली की स्टेशनच्या तिकीट खिडकीवरून फॉर्म परत. जुना पास संपला म्हणून फेकायचा नाही, त्याचा नंबर आणि संपण्याची तारीख नव्या फॉर्मवर लागते. आणि फॉर्मचं पुस्तक रेल्वेकडूनच यावं लागतं, त्यामुळे ते 'संपलंय' हे उत्तर कधीही मिळू शकतं. त्यावर अपील नाही.

याच आठवड्यात मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी या नव्या शैक्षणिक धोरणातल्या विषयगटांतून सेमिस्टरचे २२ क्रेडिट जमवायचे होते. एक थिअरी क्रेडिट म्हणजे १५ तास. खिडकीपुढच्या रांगेलाही एखादं क्रेडिट द्यायला हरकत नव्हती. कौशल्यविकास यालाच म्हणत नाहीत तर कशाला? पण चिडायचं कारण निराळंच आहे. जवळ राहणाऱ्याला, गाडीने येणाऱ्याला ही रांग लागतच नाही. ज्याला निम्मं भाडं वाचवायची गरज आहे, त्याचंच लेक्चर बुडतं आणि अटेंडन्सच्या यादीत खाली त्याचंच नाव येतं.

फॉर्म शुक्रवारी तर अजिबात घेऊ नये. तो तीनच दिवस चालतो. त्यातले शनिवार-रविवार आमचं ऑफिस बंद, आणि शिक्का पुसट आहे म्हणून तिकीट खिडकीने परत पाठवला तर सोमवारी तो कागद बाद. नवा मिळतो, पण बाद झालेला जमा करून सोबत कारणाचा अर्ज द्यावा लागतो. अर्जात 'शिक्का पुसट होता' असं लिहिलं की तोच शिक्का हातात धरलेले सर विचारतात, "मारला कोणी होता?"