निपाणीची फाइल निपाणीतच राहू द्या

नमस्कार दादा,

माझ्या रिमोट डेस्कटॉपवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: निपाणीच्या दुकानातली अ‍ॅक्सेसची (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) फाइल तुम्ही गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात ठेवलीत, खानापूरची मुलगी घरून बिलं भरते, चार महिने काही बिघडलं नाही. मग मी रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर घरून चालवण्याचा, आग्रह धरून छोट्या व्यापाऱ्याला उगाच खर्चात का पाडतो?

खर्चावरचा राग रास्त आहे. त्या लेखात मी विंडोज सर्व्हर आणि त्याच्या लायसन्सबद्दलच लिहीत गेलो. दोन माणसांच्या दुकानाला ते लागत नाही, हे सांगायला हवं होतं, ते राहिलं. ड्राइव्हबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

तुम्हीच लिहिलंय की दुकानातला मुलगा दिवसा नोंदी करतो आणि खानापूरची मुलगी रात्री आठनंतर बसते. चार महिने तुमची फाइल वाचली ती या वेळांमुळे. अ‍ॅक्सेसची फाइल उघडली की शेजारी त्याच नावाची छोटी लॉक फाइल तयार होते. आत कोण आहे, कुठली नोंद कुणाच्या हातात आहे, हे त्यावरून दुसऱ्या मशीनला कळतं. दुकानातल्या दुकानात, एका नेटवर्कवर, हे नीट चालतं. ड्राइव्ह मात्र प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगळी प्रत ठेवतो आणि तिची लॉक फाइल तिच्या प्रतीपुरती. दसऱ्याच्या गर्दीत दोघं एकाच वेळी बसले तर दोघांनाही सगळं ठीकच दिसेल. नंतर दोन फाइली होतील, नाहीतर उशिरा पोचलेली आधीच्या फाइलीवर बसेल. ड्राइव्हला आतली बिलं दिसत नाहीत, त्याच्या लेखी ती एक अख्खी फाइल.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका सुट्या भागांच्या दुकानात हे घडलेलं मी पाहिलंय. एकाच नंबरची दोन बिलं, दोन वेगळ्या गिऱ्हाइकांच्या नावे. हिशेबनीस आणि मी तीन रात्री कागदी चलनं पसरून बसलो, तरी काही उधाऱ्यांचा पुरावाच सापडला नाही. त्या वसूल झाल्या नाहीत. म्हणून मी एवढं कळकळीने सांगतोय.

व्हीपीएन (घरचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून दुकानाच्या नेटवर्कला जोडणारी सोय) लावून तीच फाइल घरून थेट उघडणं हाही उपाय नाही. अ‍ॅक्सेसला मध्ये सर्व्हर नसतो, घरचा कॉम्प्युटरच लांबून फाइलचे तुकडे वाचतो आणि लिहितो. खानापूरच्या जुलैतल्या पावसात लाइन कधी जाईल सांगता येत नाही. लिहिता लिहिता तुटली तर फाइल करप्ट होऊ शकते.

रिमोट डेस्कटॉपमध्ये फाइल जागची हलत नाही. तिच्या घरी पडद्याचं चित्र जातं, तिकडून की-बोर्ड आणि माउस येतो, बस. लाइन तुटली तरी अर्धवट बिल निपाणीच्या मशीनवर तसंच उघडं राहतं. दुकानात एक जुना कॉम्प्युटर पडून आहे म्हणालात ना, तो दुकानातच ठेवून तिच्यासाठी राखून ठेवा, ती घरून तोच चालवेल. त्यावर विंडोज होम असेल तर विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप बाहेरून आत घेत नाही, पण क्रोम रिमोट डेस्कटॉप फुकट आहे आणि होमवरही चालतं. टेबलं (जिथे नोंदी साठतात) सामायिक फोल्डरात ठेवा, फॉर्मची (नोंदी भरायच्या पडद्यांची) फाइल प्रत्येक मशीनवर वेगळी, आणि दोन्ही मशीन वाय-फायवर नव्हे, केबलवर. स्लीप बंद करा. वीज जाण्याचं तुम्ही लिहिलंत, त्यासाठी यूपीएस हवाच. शिवाय वीज आली की मशीन आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक मशीनच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) असते, नाहीतर बटण दाबायला कुणाला तरी दुकान उघडावं लागेल.

राउटरवर ३३८९ पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं दार) इंटरनेटला उघडं टाकायला कुणी सांगितलं तर साफ नाही म्हणा. २०१९ साली उघड झालेल्या रिमोट डेस्कटॉपच्या ब्लूकीप या त्रुटीमुळे विंडोज ७ आणि त्याआधीच्या मशीनमध्ये पासवर्डशिवाय शिरता येत होतं.

पुढे माणसं वाढली तर टेबलं मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या डेटाबेस सर्व्हरवर न्या. तो फुकट आहे आणि एका डेटाबेसला २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत १० जीबीपर्यंत आणि २०२५ च्या आवृत्तीत ५० जीबीपर्यंत चालतो, अ‍ॅक्सेसची मर्यादा २ जीबी. फक्त नावांचे रकाने एनव्हारचार (nvarchar, सगळ्या लिप्या साठवणारा) प्रकारचेच ठेवा. आपल्याकडे गिऱ्हाइकांची नावं मराठीत आणि कन्नडात, साध्या व्हारचारमध्ये त्यांची प्रश्नचिन्हं होतात.

आज रात्री एवढं करा: ड्राइव्हच्या फोल्डरात त्याच फाइलची दुसरी प्रत, नावापुढे आकडा लागलेली, दिसते का बघा. दिसली तर एकही पुसू नका. दोन्ही पेन ड्राइव्हवर घ्या आणि मला कळवा, बिल नंबर लावून आपण जुळवू.