ठरलेल्या दरात तीन कोर्स, बाकी सगळं तुमच्या मर्जीनं

उंची इटालियन रेस्टॉरंटात जेवायचं, पण उंची बिल भरायचं नाही, असा निश्चय तुम्ही केला असेल तर अभिनंदन. तुमच्यासारख्या हिशेबी माणसांसाठीच ‘प्री फिक्स’ मेनू असतो. तीन कोर्स, म्हणजे सुरुवातीचा, मुख्य आणि गोड पदार्थ, सगळ्यांचा मिळून एक दर, तोही आधीच ठरलेला. रेस्टॉरंटवाल्याला लुटायची अशी सोपी संधी रोज मिळत नाही. हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून तर तो ती पुन्हा पुन्हा देत राहतो.

या परोपकाराला परंपरा आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा तिथल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटांनी १९ डॉलर ९२ सेंटांत दुपारचं जेवण देऊ केलं. दर कसा काढला म्हणाल, तर भिंतीवरचं कॅलेंडर बघून. लोकांना ते इतकं आवडलं की त्याचा ‘रेस्टॉरंट वीक’ झाला, आणि हा वीक आता तिथे काही आठवडे चालतो. तेव्हा तोट्यात जाऊन कोणी तुम्हाला जेवू घालतंय, ही समजूत मनात घट्ट धरूनच टेबल बुक करा.

वेळ साडेपाचची घ्या. दुसरी मिळणारही नाही. शनिवार वगळून, सणवार वगळून आणि टेबलावरच्या प्रत्येकानं हाच मेनू घेतला तर, या तीन अटी सगळ्यात बारीक अक्षरांत असतात. त्या वाचून मन कलुषित करून घेऊ नका. साडेपाचला भूक लागत नाही ही तक्रारही नको. साडेसातला ते टेबल पूर्ण दर देणाऱ्या माणसाला लागणार आहे, त्याचीही भूक आपण समजून घेतली पाहिजे.

बसल्या बसल्या पहिली परीक्षा. वेटर अत्यंत अदबीनं विचारेल, “स्टिल की स्पार्कलिंग?” प्रश्न बाटलीतल्या पाण्याचा आहे, साधं की फसफसणारं, आणि पर्याय दोनच आहेत. तिसरा पर्याय नळाला आहे, पण तो उच्चारणं म्हणजे अख्ख्या टेबलाची अब्रू घालवणं. तुम्ही “स्पार्कलिंग” म्हणा, आणि ते अशा सुरात म्हणा की घरीही तुम्ही दुसरं काही पीत नाही. पहिली बाटली संपायच्या आत दुसरी न विचारता उघडली जाईल. याला आदरातिथ्य म्हणतात.

मग मेनू हातात घ्या. आकड्यांपुढे चलनाचं चिन्ह नसेल. आकडे असे उघडेवाघडे असले की ते पैसे वाटत नाहीत, रस्त्यावरच्या घरांचे नंबर वाटतात. काही पदार्थांपुढे मात्र छोटीशी अधिकची खूण आणि एक आकडा दिसेल. ते म्हणजे ‘सप्लिमेंट’, ठरलेल्या दरावर वेगळे द्यायचे जादा पैसे. जाहिरातीतल्या फोटोत जे जे होतं, लॉब्स्टरचं रॅव्हिओली, वासराच्या मांसाची चॉप, ते सगळं या खुणेच्या पलीकडे राहतं. अलीकडे राहतात चिकन, साल्मन आणि ‘आजचा पास्ता’. तुम्ही आधी ठरल्याप्रमाणे चिकनवर बोट ठेवा, मग शेजारच्या टेबलाकडे बघा, मग बोट वर सरकवा. सगळे असंच करतात, लाजू नका.

इटलीत म्हणे पास्ता हा ‘प्रीमो’, म्हणजे मुख्य पदार्थाआधीचा छोटा पदार्थ. त्याच्यानंतर मांस किंवा मासा ‘सेकोंदो’ म्हणून येतो, आणि भाजी ‘कोंतोर्नो’ म्हणून वेगळी मागवायची. आपल्या मेनूत पास्ता छोटाच ठेवून मुख्य पदार्थ केलेला असतो आणि भाजी वेगळीच मागवायची असते. परंपरेचा एवढा सांभाळ तर होणारच.

सुरुवातीला कार्पाचो घ्या. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये कच्चं गोमांस कागदासारखं पातळ कापून पहिल्यांदा वाढलं गेलं आणि त्याला चित्रकार कार्पाचोचं नाव मिळालं. तेव्हापासून जे काही पातळ कापता येतं ते कार्पाचो झालं. तुमच्या वाट्याला बीटरूट येईल. एका बीटमध्ये किती प्लेटा सजतात हे पाहून थक्क व्हा, शक्यतो मनातल्या मनात. प्लेटच्या कडेनं काळी नागमोडी रेघ असेल, ती बोटानं पुसून “वा, बाल्सामिक!” म्हणा. इटलीतल्या मोडेनाचं खरंखुरं पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर लाकडी पिंपांत किमान १२ वर्षं मुरवतात आणि १०० मिलीलिटरच्या चिमुकल्या बाटलीत विकतात. ते कोणी रेघा मारायला वापरत नाही, पण हे ज्ञान आजच्या संध्याकाळी काही कामाचं नाही.

आता ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या बचतीचा खरा पराक्रम इथेच घडणार आहे. वेटर पांढरे हातमोजे घालून येईल. एका हातात छोटी किसणी, दुसऱ्या हातात मातीत पडलेल्या बटाट्यासारखं दिसणारं काहीतरी. तो तुमच्या पास्त्यावर वाकेल आणि म्हणेल, “पुरे झालं की सांगा.” इटलीतल्या अल्बाचं पांढरं ट्रफल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर मिळतं आणि ग्रॅमवर विकलं जातं. किती ग्रॅम पडले हे तुम्हाला कळणार नाही, त्याला कळेल. पहिल्या दोन चकत्यांवर “पुरे” म्हणालात तर कंजूष ठरता, म्हणून तुम्ही हसत राहा. तो किसत राहील. टेबलावरचं बोलणं थांबेल. कोणीतरी फोटो काढेल. तुम्ही आणि तो वेटर एकमेकांकडे बघत राहाल, आणि आधी पापणी लवणारा तो नसेल.

ट्रफलचा हंगाम नसेल तर ट्रफल ऑइल असतंच. त्यातला वास बहुतेक वेळा प्रयोगशाळेत बनवलेल्या एका रसायनाचा असतो, पण त्याला बारमाही हंगाम आहे आणि तो घरी पोचेपर्यंत साथ सोडत नाही. पैसा वसूल.

वाइनचं एका ओळीत सांगतो: यादीतली सगळ्यात स्वस्त मागवायची लाज वाटते म्हणून तिच्या वरची मागवा, यादी लिहिणाऱ्याला तुमची हीच अपेक्षा आहे. ग्लासनं घेतलीत तर आणखी उत्तम. ७५० मिलीलिटरच्या बाटलीत पाच ग्लास निघतात, आणि धंद्यातला ठोकताळा असा की पहिल्या ग्लासातच घाऊक दरातली अख्खी बाटली वसूल व्हावी. उरलेले चार ग्लास म्हणजे तुमच्या संस्कृतीप्रेमाची पावती.

शेवटी गोड. पन्ना कोत्ता म्हणजे साय, साखर आणि जिलेटिन. सकाळीच वाट्या भरून फ्रिजमध्ये रांगेनं उभी केलेली. मेनूवर ती ‘शेफची खास’ असेल, आणि तसं म्हणायला हरकत नाही, शेफला तिच्यामागे खास काही करावं लागत नाही. कॉफी त्या ठरलेल्या दरात धरलेली नसते. जेवणावर कापुचिनो, म्हणजे इटलीत सकाळी प्यायची दुधाळ कॉफी, मागवलीत तर इटालियन माणूस कपाळाला हात लावेल, पण वेटर लावणार नाही. तो आणून देईल.

बिल आलं की लगेच वरचा आकडा बघू नका. आधी ‘प्री फिक्स’ची ओळ शोधा. ती जाहिरातीत होती तेवढीच असेल, पैशाचाही फरक नाही. शब्द पाळणारी माणसं आहेत. खाली पाणी, वाइन, ट्रफल, पालक, कॉफी, सेवाशुल्क. त्याखाली टिपेसाठी कोरी जागा, म्हणजे सेवाशुल्क भरूनही ज्यांचं मन भरलं नाही त्यांची सोय. आपण सवलतीत जेवलो हे वेटरला ठाऊक आहे, या विचारानं तुम्ही टिप नेहमीपेक्षा जास्तच ठेवाल. आता सोबतच्या मंडळींना पटवून द्या की हेच पदार्थ सुटे मागवले असते तर केवढ्याला पडले असते. सुटे मागवायला आपण आलोच नसतो, असं कोणी म्हणालं तर त्याला पुढच्या वेळी नेऊ नका.

आणि हो, बुकिंग करताना ईमेल दिलाच असेल. पुढच्या महिन्यात चार कोर्सची योजना येतेय, दोनच टेबलं शिल्लक आहेत.