काढून टाकलेला फोकस

आमच्या मावसबहिणीच्या साखरपुड्याच्या ग्रुप फोटोत एकच माणूस स्पष्ट आलाय, आणि तो आमच्या नात्यातला नाही. केटररचा मुलगा आहे तो. असेल सहा-सात वर्षांचा. त्याच्या पापण्या मोजता येतील इतका स्पष्ट. नाकात घातलेलं बोटही स्पष्ट. त्याच्या मागे धुक्यात दोन रांगा उभ्या आहेत. त्यातला मोरपिशी डाग म्हणजे आई आणि शेजारचा पांढरा डाग म्हणजे मी.

फोटो मी काढलेला नाही. पण कॅमेरा माझा, म्हणून नावही माझंच घेतलं जातंय.

फोंड्याकडच्या एका देवळाची अग्रशाळा, म्हणजे धर्मशाळा. ग्रुप फोटोच्या वेळी आई अडून बसली, की एका तरी फोटोत तू दिसायला हवास. खरं आहे तिचं. आमच्याकडच्या चवथीला, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली दरवर्षी सगळं घराणं उभं असतं, शेजारच्यांचा कुत्रासुद्धा असतो, मी नसतो. म्हणून दीपस्तंभाजवळ माणसं उभी केली आणि कॅमेरा कोणाला द्यावा म्हणून बघतोय, तोच नवऱ्यामुलाचे एक काका पुढे झाले. पांढरं धोतर, खिशाला दोन पेनं.

"हाड हांगा. हांव काडटां." म्हणजे, आण इकडे, मी काढतो.

"काका, यात जरा वेगळं आहे. आधी मागचं हे बटण अंगठ्याने दाबून धरायचं, मग वरचं दाबायचं."

"दोन बटणं?"

"हो. मागचं फोकसचं, वरचं फोटोचं."

"म्हणजे फोटोला फोकस लागत नाही?"

"लागतो. पण तो वेगळा करायचा."

"वरचं अर्धं दाबलं की आपोआप होतो रे. आमच्या जावयाकडे आहे असला."

"त्यांच्यात होतो. यात मी तो वरच्या बटणावरून काढून टाकलाय."

काकांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे नीट पाहिलं. मग वळून जमलेल्या समस्त व्याही-विहिणींना जाहीर केलं, "ह्याने फोकस काढून टाकलाय!"

मागच्या रांगेतून कोणीतरी "अरेरे" म्हणालं. माझ्या मावशीने तर नजरेनेच विचारलं, पैशांची अडचण होती का रे?

आता हे काढून टाकणं म्हणजे काय, ते तुम्हाला तरी सांगतो, तिथे कोणी ऐकून घेतलं नाही. साध्या कॅमेऱ्यात वरचं बटण अर्धं दाबलं की फोकस आणि पूर्ण दाबलं की फोटो. एकाच बोटावर दोन कामं. मी फोकस मागच्या एएफ-ऑन बटणावर दिलाय. अंगठा दाबून धरला की कॅमेरा हलत्या वस्तूचा पाठलाग करत राहतो, अंगठा उचलला की फोकस आहे तिथेच थांबतो. मग फ्रेम हवी तशी फिरवा, फोकस जागचा हलत नाही. रायबंदर-चोडण फेरीबोटीवरून मांडवीवर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार टिपायची, तर याला तोड नाही. धनेश फांदीवर बसला की अंगठा उचलायचा, उडाला की दाबायचा. पुढे पान आलं, फांदी आली, तरी अंगठा वर असेल तर कॅमेरा त्यांच्यामागे धावत नाही. आणि हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. कॅननने ही सोय १९८९ साली ईओएस ६३० वर दिली, तेव्हा काकांचे केससुद्धा काळे असतील.

हे सगळं मी थोडक्यात, धनेशापर्यंतच, काकांना सांगितलं.

"बरं," काका म्हणाले. मग त्यांनी दोन्ही रांगांवरून सावकाश नजर फिरवली. ती आमच्या आत्येवर जरा जास्त वेळ थांबली. आत्येला दोन माणसांनी धरून पायऱ्या चढवल्या होत्या. "इथे कोण उडणार आहे?"

रांगा हसल्या. आत्येही हसली. मी हसलो नाही.

"आयक रे पुता, माझ्याकडे हॉट शॉट होता. एक बटण. खटक. मुलांच्या मुंजी केल्या मी त्यावर."

हॉट शॉटचा फोकस कारखान्यातूनच ठरून यायचा. थोड्या अंतरापलीकडचं सगळं त्यात सारखंच बरं यायचं, म्हणजे नीट काहीच यायचं नाही, पण कोणाची तक्रारही नसायची. हे मी बोललो नाही. सोयरीक नवी होती.

"पान वाढलंय, खतखतें निवतंय," असा आतून पुकारा झाला आणि काका कामाला लागले. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही, दुःख तेच आहे. ते "ट्रायल" म्हणाले, दोन हातांवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कॅमेरा रोखला आणि अंगठ्याने मागचं बटण अगदी बरोबर दाबलं. फोकस झाला. अंगठा उचलला. मग वळून आमच्यावर वरचं बटण दाबत सुटले. कॅमेऱ्याने आज्ञेप्रमाणे खुर्चीचं अंतर शेवटपर्यंत पाळलं. त्यात लेन्स पंच्याऐंशी मिलिमीटरची, म्हणजे फोकसच्या जरा मागेपुढे असलेल्याला माफी नाही, तो धूसरच. फोकस नसेल तर फोटोच निघू नये अशी सेटिंग असते, पण उडत्या पक्ष्यासाठी मी ती बंद ठेवलेली. त्यामुळे खटक, खटक, खटक. नेमकं खुर्चीच्या अंतरावरून ते पोरगं धावलं, मध्येच थांबलं, कॅमेऱ्याकडे बघून नाकात बोट घातलं. अमर झालं.

"फस्कलास," म्हणत काकांनी कॅमेरा परत दिला. मागच्या स्क्रीनवर, उन्हात, सगळं फस्कलासच दिसतं.

माझ्या एका फोटोग्राफर मित्राचं म्हणणं, अशा लोकांसाठी डायलवर सी-वनला, म्हणजे आपली सेटिंग साठवायच्या जागी, एक साधी सेटिंग जपून ठेवावी: फोकस वरच्या बटणावर, सगळं ऑटो. बारीकसारीक हौसेवर खर्च केलेल्या माणसाने ज्याच्या-त्याच्या जावयाच्या सोयीने कॅमेरा लावून ठेवायचा म्हणे! केटररच्या स्वयंपाक्याला कोणी सांगतं का, की आमच्या काकांना ढवळायचंय, तुमची कढई जरा सोपी करा? मला सकाळी आठपासून "इथून काढ", "हिचा एकटीचा काढ", "मी जाड दिसतेय, परत काढ". रात्री "पाठव हं", तेही मोबाइलवर, जिथे चोवीस मेगापिक्सेलचा चुरा होतो. आणि जेवायला शेवटच्या पंगतीत. खतखत्याच्या टोपात तोवर तेफळं तेवढी उरलेली असतात. अळूमाडी, नीरफणस, सगळं संपलेलं. कोणालाही त्याचं काही वाटत नाही. फोटो काढणारा माणूस जेवतो, हेच लोकांच्या लक्षात नसतं, मग तो फोटोत असावा हे कुठून असणार. आईला सुचलं, त्याचं हे असं झालं.

मागच्या रांगेतल्या एका भाच्याने हात लांब करून मोबाइलवर सेल्फी घेतली होती. त्यात सगळे लख्ख आलेत, माझा अर्धा कान धरून. फ्रेम करायला तीच गेलीय.

काल मावशीचा फोन आला. लग्न डिसेंबरात.

"कॅमेरा आणशील ना रे?"

"बघू."

"बघू काय? काकांनी मुद्दाम निरोप दिलाय, ग्रुप फोटो ते काढतील, तू निवांत उभा राहा. फक्त त्याआधी तेवढा फोकस बसवून घे म्हणाले. मडगावला त्यांच्या ओळखीचा एक जण आहे, स्वस्तात बसवून देईल."