आमच्या डोहात आसरा आहेत

एका लेखात म्हटलंय की अद्भुत कथा लिहिणं म्हणजे वास्तवापासून पळणं, आणि मराठी मातीत ते रुजत नाही. हे मला अजिबात पटलं नाही. मी चाळीसगाव तालुक्यात कपाशी करतो आणि अशीच कादंबरी लिहितोय. शेतीची वीज रात्रीची असली की मोटर चालू करून बांधावर बसतो, मोबाईलवर लिहितो. पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोहोचेपर्यंत दीड पान होतं, कधी चारच ओळी.

माती कमी आहे कुठे? आजी गिरणा नदीकडे बोट दाखवून सांगायची, "डोहमा जाऊ नको, तठे आसरा शेतस." आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. श्रावणात कानबाई ही आमची खानदेशी देवी बसते, तिचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, भाऊबंदकीतच खायच्या असतात. जादूला नियम हवा, तो मोडला तर किंमत हवी, हे मी त्या रोटांकडून शिकलो. आणि आमच्या चाळीसगावजवळचं पाटणादेवी! तिथल्या 1207 च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे. डोंगराच्या कुशीत ग्रहताऱ्यांचं गणित शिकणारी मुलं! माझी कादंबरी तिथूनच सुरू होते.

माझी पात्रं अहिराणी, ही आमची खानदेशी बोली, बोलतात. एका संपादकांनी ती प्रमाण मराठीत करा म्हणून सुचवलं, मी नाही म्हटलं. आसरा डोहातून हाक मारतील त्या अहिराणीतच मारतील. आणि माझ्या नायिकेला दुष्काळात विहिरीच्या तळाशी उतरावं लागतं, यात पळणं कुठं आलं?